किटली मी घासली

६ सप्टेंबर, शनिवार

शेवटी आज ते 'वाळवंट' बघून आलो. श्रीरंग दोन वर्षं म्हणतोय, आइंडहोवनपासून तासाभरावर वाळवंट आहे, चल. मी म्हणायचे, नेदरलँड्समध्ये कसलं आलंय वाळवंट, इथे पाणी उपसता उपसता लोकांचे जन्म गेले. पण आहे खरंच. पाइनची झाडं संपतात आणि एकदम वाळूच वाळू, नजर जाईल तिथवर. सई म्हणाली, "मम्मा, इट्स जस्ट अ बिग सँडपिट." अकरा वर्षांची आहे, कशाचंही कौतुक म्हणून नाही.

वाळूच्या कडेला छोटं गाव. तिथे एक म्युझियम, म्हणजे नुसतं एक घर. तीन खोल्या. पूर्वी जी माणसं या वाळूत आली आणि झुडपं उपटून शेती करायला लागली, त्यांच्यातल्या एका कुटुंबाचं. पलंग भिंतीतल्या कपाटात! आत शिरून दारं लावून घ्यायची आणि अर्धवट बसून झोपायचं. आडवं झालं की मेल्यासारखं वाटतं, म्हणून बसून. मला तर बघूनच धडधडायला लागलं.

दाखवणारे आजोबा हारी. वय सत्त्याऐंशी. याच घरात जन्मले, त्याच कपाटात. डचच बोलतात, तेही इकडचं गावठी. मला फार तर तिसरा हिस्सा कळला. निघताना त्यांनी दारावरची चिठ्ठी दाखवली, शनिवारी मदतनीस हवेत, विनामोबदला. श्री लगेच, "मृणाल, हे कर. लायब्ररीतल्या डच शिकवणाऱ्या बाई म्हणतात ना, लोकांत मिसळा." पुण्यात आठ वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं, साठ साठ पोरांसमोर. इथे बेकरीत ब्रेड कापून द्या म्हणायचं तर घाम फुटतो.

हो म्हणून बसले मात्र.

१३ सप्टेंबर, शनिवार

म्युझियममधला (यापुढे नुसतं म्यु.) पहिला दिवस. बसमध्ये सगळी वाक्यं पुटपुटत गेले. तिकीट इथे मिळेल. डोकं सांभाळा, दार बुटकं आहे. शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.

रिया म्हणजे तिथल्या अध्यक्ष. नाव ऐकून वाटलं होतं कोणी विशीतली असेल. सत्तरीच्या आहेत, उंच, चष्म्याला साखळी. त्यांनी कराराची चार पानं पुढे केली. सही ठोकली. वाचला नाही. वाचायला बसले असते तर दुपार झाली असती, आणि मला किती डच येतं ते त्यांना तिथेच कळलं असतं.

घराची किल्ली हारीआजोबांकडे असते. लोखंडी, वीतभर. घर त्यांनीच गावाला देऊन टाकलंय, किल्ली तेवढी ठेवली. मला तीनदा विचारलं, कुठून आलीस? तिन्ही वेळा पुणे म्हटल्यावर तेवढेच खूश. कॉफी दोनदा चढवली. रियाबाईंचं लक्ष असतं. "हारी, मागचं दार परत उघडं राहिलं होतं हं." आजोबा हसले, पण कान लाल झाले. नंतर मला म्हणाले, मुलगी मागे लागलीय, मार्लीन, की बाबा आता एकटे राहू नका, वृद्धाश्रमात चला. "पण ही किल्ली माझ्याकडे आहे ना, तोवर मी ठीक आहे."

चुलीवर आकड्याला एक काळीकुट्ट किटली टांगलेली आहे. तिची गोष्ट सांगताना ते सावकाश बोलायचं विसरले. भराभर, गावठीत, डोळ्यांत पाणी. आई. युद्ध. काळं. तांबं. मी चार वर्षांचा. एवढं पकडलं, बाकी निसटलं. थांबवून "परत सांगा" म्हणायला हवं होतं. पण आपली सवय! मोठं माणूस रंगात येऊन बोलतंय तर मान डोलवायची. डोलवली. या, या, म्हणजे हो, हो. मला कळलं ते असं, की युद्धाच्या धामधुमीत बिचाऱ्या आईला किटली घासायला सवड झाली नाही, आणि ती तशीच राहून गेली.

बाकी दिवस बरा. कोणी हसलं नाही. आठ पाहुणे.

२० सप्टेंबर, शनिवार

आज मी खूश आहे, लिहून ठेवते, रोज रोज होत नाही.

पुढच्या महिन्यात म्यु.चा मोठा कार्यक्रम आहे. रियाबाईंनी सगळ्यांना सांगितलंय, घर कसं नीटनेटकं दिसलं पाहिजे. सकाळी हारीआजोबांनी दार उघडून दिलं आणि ते कार्यक्रमाचा व्लाय, म्हणजे इकडचा फळांचा केक, ठरवायला बेकरीत गेले. तिथे ओळखीचे भेटले की दोन तास नक्की. मी एकटी. पाऊस, पाहुणा एक नाही. केर काढला, खिडक्या पुसल्या, चूल झाडली. आणि ती किटली काही बघवेना.

परवा घटस्थापना. घरी देवाची तांब्याची भांडी घासायची म्हणून काल इंडियन दुकानातून चिंच आणली होती, ती पिशवीतच होती. आता याला काय म्हणायचं? मला वाटलं, देवीनेच सुचवलं. किटली खाली काढली. कडेला नखाने खरवडून बघितलं, आत गुलाबी चमक. तांबंच! काळा थर चिवट होता, चरबीसारखा. आधी कढत पाणी आणि सोडा, मग चिंच नि मीठ. दीड तास लागला. मागच्या मोरीत बाही वर करून बसले आणि किती दिवसांनी हातांना आपलं काहीतरी करायला मिळालं. चिंच चोळावी आणि तांबं उजळत यावं, त्याच्यासारखं सुख नाही. तोंडाने देवीची आरतीसुद्धा म्हटली, ऐकायला होतंय कोण.

पुसून परत आकड्याला लावली. सगळी खोली उजळली.

आजोबा आले ते थबकले. किटलीसमोर बराच वेळ उभे. हात लावला. मग स्वतःचे हात बघितले, पालथे, उताणे. कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले. मला वाटलं, आईच्या आठवणीने भरून आलं असेल. मी मुद्दाम काही बोलले नाही. आपलं आपण काय कौतुक सांगायचं.

२१ सप्टेंबर, रविवार

अरे देवा. अरे देवा काय करून बसले मी.

सकाळी मदतनिसांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रियाबाईंचा मेसेज. किटलीचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत: हे कोणी केलं? त्याखाली लांबलचक मजकूर. मला वाटलं, शाबासकी देताहेत. अ‍ॅपमध्ये टाकून भाषांतर वाचलं.

युद्धात जर्मन सैनिक घराघरातून तांबं गोळा करून न्यायचे, वितळवायला. हारीच्या आईकडे लग्नातली ही एकच चांगली वस्तू. तिने डुकराची चरबी आणि चुलीतली काजळी कालवून किटलीला फासली, लोखंडाची दिसावी म्हणून. चार वर्षांच्या हारीने तिच्याबरोबर ती हातांनी फासली. त्याची बोटं त्या थरात उमटलेली होती. किटली वाचली. त्यानंतर कोणीही, कधीही, तो थर पुसला नाही. शाळांच्या सहली ती बोटं बघायला येतात.

ही सगळी माहिती भिंतीवरच्या पाटीवर आहे. मी ती पाटी दर शनिवारी थोडी थोडी वाचायची ठरवलं होतं, सराव म्हणून. दोन ओळी झाल्या होत्या.

मी टाइप करायला घेतलं. सॉरी, ते मी. खोडलं. डचमध्ये लिहिलं. खोडलं. व्याकरण तपासत बसले, काय म्हणावं मला. तेवढ्यात रियाबाईंचा दुसरा मेसेज. "हारीचा फोन आला. त्याला वाटतं त्यानेच केलं असणार. रडत होता. कोणी त्याला काही बोलू नका." खाली धडाधड सगळ्यांची हार्ट्स.

मीही एक हार्ट टाकलं. बोटाने आपोआप टाकलं. आता ते काढताही येत नाही, काढलं तर का काढलं म्हणतील.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसवले. माती सांडली.

श्रीला सांगितलं. आधी तो हसला, "करायला गेलो गणपती आणि झाला मारुती!" मग माझा चेहरा बघून थांबला. मग तोही घाबरला, आणि तो घाबरला की फार मुद्देसूद बोलतो. एक, आपला नागरिकत्वाचा अर्ज खेमेंटेकडे, इथल्या नगरपालिकेकडे आहे, निकाल कधीही येईल. दोन, तू करारावर सही केलीस, त्यात नुकसानाबद्दल काय लिहिलंय ते आपल्याला माहीत नाही. तीन, ऐतिहासिक वस्तू आहे, पोलिसात तक्रार झाली तर? "आणि मृणाल, विषय मिटलाय. कोणी कोणाला रागावलेलं नाही. म्हातारा माणूस आहे, सगळ्यांनी समजून घेतलंय."

"पण त्याने केलेलं नाही."

"त्याला वाटतंय ना."

त्याला वाटतंय. हेच तर.

करार काढून वाचला, अ‍ॅपवर, चारही पानं. नुकसानाबद्दल एकच वाक्य आहे आणि अ‍ॅपने त्याचा जो अर्थ सांगितला त्यातून काहीच कळत नाही. तीनदा वाचलं. प्रत्येक वेळी जास्त भीती वाटली.

२३ सप्टेंबर, मंगळवार

दारात कार थांबली तर वाटलं, आले. शेजाऱ्यांचं पार्सल होतं. चोराच्या मनात चांदणं.

२४ सप्टेंबर, बुधवार

एक कल्पना सुचली, आणि दिवसभर ती फार शहाणपणाची वाटत होती. काजळ. मला काजळ धरता येतं, आई सईसाठी धरायची तेव्हा शेजारी बसून शिकलेय. निरांजन, एरंडेल, वर तांब्याचं ताम्हन पालथं. जमलेली काजळी तुपात कालवायची. तीच तर कृती आहे की त्या माउलीची! शनिवारी लवकर जायचं, किटलीला परत फासायचं. काळी होती, काळी आहे. कोणी काही बोलणार नाही.

स्वयंपाकघरात तीन निरांजनं लावली. दहा मिनिटांत धुराचा अलार्म. सई खालून धावत आली, मी स्टुलावर उभी राहून टॉवेलने वारा घालतेय, ओट्यावर काळे डाग, पूजेच्या तांब्यावर मी काजळ फासून बघितलेलं, आणि सगळं बोटाला निघून येतंय. तिने सरळ विचारलं, काय चाललंय? मी खोटं बोलणार होते. बोलता आलं नाही. सगळं सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, तिच्या त्या इंग्रजीत, की मम्मा, मग त्या आजोबांना काय वाटेल? आधी किटली काळी होती, मग चकचकीत झाली, मग परत काळी? "देन ही विल थिंक ही इज क्रेझी ट्वाइस."

मी स्टुलावरून उतरले. निरांजनं विझवली. मला हे का सुचलं नाही? मी फक्त किटलीचाच विचार करत होते. माझ्या अंगावरचा डाग कसा जाईल तेवढाच.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज सांगणार होते. देवीसमोर ठरवून निघाले होते.

गेले तर सगळे जमलेले. रियाबाई, मार्लीन, दोघे-तिघे मदतनीस. मार्लीन पन्नाशीची, दमलेली दिसते, कोट अंगातच. टेबलावर केक. कोणाचा तरी वाढदिवस म्हणून मी हसत आत शिरले. आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. हळूच, आवाज न करता.

ते जे बोलले ते मला सगळं कळलं. पहिल्यांदाच सगळं. कारण ते फार सावकाश बोलले. म्हणाले, कॉफी विसरलो, दार विसरलो, ते ठीक. पण ज्या माणसाला आईची किटली घासल्याचं आठवत नाही, त्याने एकट्याने राहू नये. मार्लीनचं बरोबर आहे. आश्रमात एक खोली रिकामी झालीय. सहा तारखेला सोमवारी सही करायची.

मी उभी राहिले. खरंच उभी राहिले. "इक," म्हटलं. मी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. "इक..." आणि पुढचं सगळं डच गेलं. एक शब्द नाही. मला रडू फुटलं. रियाबाई उठल्या आणि त्यांनी मला जवळ घेतलं. "लीव्ह," म्हणाल्या. किती प्रेमळ आहेस. पाठीवर थोपटत राहिल्या. मी, जिने हे केलं ती, त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडतेय आणि सगळ्यांना वाटतंय मी आजोबांसाठी रडतेय. आजोबांनी मला रुमाल दिला. आणि मी घेतला!

मग मी सगळ्यांना कॉफी ओतली.

मला माझी किळस येते.

२८ सप्टेंबर, रविवार

श्रीला म्हटलं, मी सांगणार. तो म्हणाला, निकाल येईपर्यंत थांब. म्हटलं, कधी येईल? म्हणाला, माहीत नाही. म्हटलं, सोमवार सहा तारीख मला माहीत आहे. तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. वाईट नाही तो. बारा वर्षं एकेक कागद जपत आलाय, फायलीला प्लास्टिकचं कव्हर. त्याला वाटतं, इथे आपण पाहुणे आहोत आणि पाहुण्याने कप फोडायचा नसतो. मलाही तेच वाटतं. म्हणून तर हे सगळं झालं.

सईबरोबर बसून पाच वाक्यं तयार केली. किटली मी घासली. तुम्ही नाही. तुम्ही बेकरीत होतात. मला गोष्ट कळली नव्हती. माझी चूक आहे. सईने उच्चार सुधारून घेतले, हेडमास्तरणीसारखे. "नॉट लाइक अ रोबॉट, मम्मा."

३० सप्टेंबर, मंगळवार

पाठ झालंय. भाजी चिरताना, आंघोळ करताना, तेच. उद्या श्री ऑफिसला गेला की निघायचं. हारीआजोबांच्याच घरी जायचं, आधी त्यांना सांगायचं.

१ ऑक्टोबर, बुधवार

सांगितलं.

म्यु.पासून चार घरं सोडून राहतात. हॉलमध्ये खोके, पुस्तकं बांधायला घेतलेली. मला बघून इतके आनंदले. कॉफी, आणि डब्यातून एक बिस्कीट, इथल्या पद्धतीने एकच. मी बसले नाही, कोट काढला नाही, उभ्या उभ्या पाचही वाक्यं म्हटली. एकही चुकलं नाही.

ते ऐकत होते. मग त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "मेइशे, तू चांगली मुलगी आहेस." पोरी, तू चांगली आहेस. "पण असं करू नकोस. माझ्यासाठी खोटं बोलू नकोस."

म्हटलं, खोटं नाही. मीच. चिंच लावून. पिशवीतून चिंच काढून दाखवली. त्यांनी घेतली, वास घेतला, परत दिली. म्हणाले, नाही, नाही, व्हिनेगर आणि वाळू. आपण तांबं व्हिनेगर आणि वाळूनेच घासतो. आणि मला सांगायला लागले, कसं घासलं ते. आधी बूड, मग पोट, मग तोटी, तोटीला वेळ लागतो. कसा काळ्याखालून रंग वर आला. कसं पाणी काळं झालं. बोटांच्या खुणा शेवटी ठेवल्या होत्या, म्हणाले, आणि मग त्याही पुसल्या. सगळं सांगितलं. जे मी केलं ते सगळं, हातवारे करून.

"तुम्हाला हे आठवतंय?"

"आता आठवतंय. आधी आठवत नव्हतं. रोज थोडं थोडं आठवतंय."

मग म्हणाले, आई म्हणायची, युद्ध संपलं की तू घास हं हारी, तुझं काम. युद्ध संपलं, पण आईने काही घासू दिली नाही. का, ते कधी सांगितलं नाही. "ऐंशी वर्षं मी ती मनात घासतोय. शेवटी हातांनी घासली. हातांनी मला विचारलंही नाही."

मी परत पाच वाक्यं म्हटली. ते हसले. मोठ्याने, लहान मुलाला समजवावं तसे, म्हणाले, "तुझं डच किती छान झालंय!"

परत येताना बसस्टॉपवर दोन बस सोडल्या. उठवलंच नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. पुरण नाही, काही नाही, श्रीखंडाचा डबा आणला. आपट्याच्या पानांऐवजी सईने बागेतली कसली तरी पानं कापून आणली. श्रीला सोनं दिलं, त्याने मला दिलं.

सकाळी रियाबाईंना ईमेल लिहिली होती. सगळं, तारीख, वेळ, सोडा, चिंच, माझी सही. श्रीला दाखवून पाठवली. तो वाचून म्हणाला, "नुकसान हा शब्द काढ." काढला नाही.

दुपारी उत्तर आलं. प्रिय मृणाल, हारीने मला सांगितलं तू काल त्याच्याकडे आली होतीस आणि काय म्हणालीस. आम्ही सगळे फार हेलावलो. तुमच्या संस्कृतीत वडीलधाऱ्यांसाठी माणसं किती करतात! पण त्याला आता सत्य स्वीकारू दे. तेच त्याच्यासाठी बरं. शनिवारी ये, तुला मिठी मारायची आहे.

वाचून मी हसायला लागले. श्री घाबरून धावत आला. अहो, गुन्हेगार कबूल करतोय आणि लोक त्याला मिठी मारतायत! अकरा दिवस मला एकच भीती होती, की कोणाला कळेल. आता कोणाला कळतच नाहीये. मी गप्प बसले ती पहिल्या दिवशी दोन मिनिटं, मग एक दिवस, मग एक आठवडा, आणि तेवढ्यात त्या माणसाच्या डोक्यात ती आठवण तयार होऊन बसली. आता मी ती बाहेर कशी काढू? किटली तरी दीड तासात निघाली होती.

श्री म्हणाला, तू तुझं केलंस. आता तुझी जबाबदारी संपली.

संपली असती तर मला भूक लागली असती.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आत्ता, संध्याकाळचे पाच. मार्लीनचा फोन येऊन गेला.

नंबर ओळखीचा नव्हता. उचलला. ती डचमध्येच बोलली, पण सावकाश, बापासारखी. म्हणाली, "बाबा हसत हसत सांगतात, ती इंडियन मुलगी माझा गुन्हा अंगावर घ्यायला आली होती. रियाही तसंच म्हणते. मला काही कळेनासं झालंय. म्हणून तुला विचारते. तू प्रेमळ आहेस, ते राहू दे. किटली कोणी घासली?"

"मी."

"बाबा तेव्हा कुठे होते?"

"बेकरीत. बेकरीत विचारा. साडेदहा ते साडेबारा."

पलीकडे टीव्ही चालू होता. मग ती म्हणाली, हे बघ, ते बाकीचंही विसरतात. मागच्या महिन्यात गॅस चालू राहिला होता. कदाचित त्यांना जावंच लागेल, आज ना उद्या. मी तुला सांगते, तुझ्यामुळे सगळं झालं असं मी म्हणणार नाही. पण दोन वर्षं ते मला नाही म्हणत होते, भांडत होते. त्या किटलीनंतर भांडायचे थांबले. माझ्या बाबांना मी इतकं गप्प कधी पाहिलं नाही.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि मग," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला, "दोन आठवडे तू गप्प का होतीस? शनिवारी तू तिथे होतीस. त्यांनी किल्ली ठेवली तेव्हा तू तिथे उभी होतीस."

सईबरोबर पाच वाक्यं केली होती. याचं नव्हतं केलं.

"बांग," म्हटलं. घाबरले होते.

"कशाला?"

मनात सगळं आलं. पासपोर्ट, चार पानी करार, तुमच्या रियाबाई, ग्रुपवरची हार्ट्स, माझं व्याकरण. एकेक उचलून बघितलं. त्यातलं एकही असं नव्हतं, की जे त्यांच्या मुलीच्या कानात घालावं आणि म्हणावं, यासाठी मी तुझ्या बापाला वेडा ठरू दिलं.

"मार्लीन," म्हटलं, "मला माहीत नाही." ते डचमध्ये बरोबर आलं.

तिने सोमवारची सही दहाला आहे म्हणून सांगितलं. ये असं म्हणाली नाही, येऊ नको असंही म्हणाली नाही. फोन ठेवला.

श्री समोरच बसला होता. डच त्याला माझ्यापेक्षा कमी येतं, पण त्याने काहीतरी ऐकलं असावं. सोमवारची त्याची मीटिंग रद्द करतोय, लॅपटॉप उघडलाय. कारण काय लिहू, म्हणून विचारतोय.